टप कापणारे मोकळे, चलन फक्त पोरांच्या नावावर

पोस्ट मोठी आहे. गाडीचा टप कापायचा विचार डोक्यात असेल तर शेवटपर्यंत वाचा. कापून झाला असेल तर दोनदा वाचा.

आपल्या बायपासला एक चक्कर मारा. चार-पाच वर्षांपूर्वी जिथे सीट कव्हर, साउंड सिस्टिम आणि काळी फिल्म एवढंच मिळायचं, तिथे आता "सनरूफ फिटिंग, सर्व गाड्यांना" असे बोर्ड लागलेत. सर्व गाड्यांना म्हणजे खरोखर सर्व. बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, थार, एवढंच काय, आयुष्याची संध्याकाळ झालेली सुमोसुद्धा. दोन प्रकार चालतात. एक, टपाच्या मधोमध उघडणारी काच, म्हणजे आपलं नेहमीचं सनरूफ. दुसरा प्रकार जरा नवा आहे: टपाच्या दोन्ही कडांना लांबट, बंद काचा बसवायच्या. "दादा, डिफेंडर लूक." लँड रोव्हरच्या जुन्या स्टेशन वॅगनला तशा काचा असायच्या, नव्या डिफेंडरलाही कंपनीने त्या ठेवल्यात. रीलवर दिसल्या, आपल्या पोरांना आवडल्या. आवडणारच, दिसतातच तशा.

आवडण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्याच्याकडे वरचं मॉडेल घ्यायला पैसे नाहीत त्यानेही आकाश बघावं. कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत सनरूफ हे असं काही विकलंय की ते नसलेली गाडी म्हणजे बिनकळसाचं देऊळ वाटायला लागली. स्कॉर्पिओ-एनला आहे, थार रॉक्सला आहे, पण बोलेरोला नाही, स्कॉर्पिओ क्लासिकला नाही. आपल्या तालुक्यात घरोघरी दिसते ती बोलेरो. म्हणजे भूक सगळ्यांना लावली आणि ताट मोजक्यांसमोर ठेवलं. उरलेले बायपासला जातात. इथपर्यंत मी त्या पोरांच्या बाजूने आहे.

आता टप कापतात म्हणजे काय करतात, ते बघा. मी उभं राहून पाहिलंय.

आतलं छताचं कापड उतरवतात. वर पुठ्ठ्याचा साचा ठेवून मार्करने चौकोन आखतात. मग कटर. पत्र्याच्या खाली आडव्या पट्ट्या असतात, डावीकडून उजवीकडे गेलेल्या. साच्याच्या आड जी पट्टी येईल ती कापून टाकतात. "ती नुसती पत्रा वाजू नये म्हणून असते," असं मला सांगण्यात आलं. पत्रा वाजू नये हेही तिचं काम आहे, खोटं नाही. पण तिचं दुसरं काम आहे डाव्या बाजूला उजव्या बाजूशी बांधून ठेवणं. गाडी उलटली की वजन टपावर आणि खांबांवर येतं. खांब आत दुमडू नयेत म्हणून वरून जो आडवा आधार लागतो, तो म्हणजे ही पट्टी. घराच्या माळवदाची तुळई मधोमध कापून तिथे काच बसवली आणि "उजेड किती छान येतो" म्हटलं, तर आपल्या आजोबांनी काय केलं असतं?

कंपनीही टपाला भोक पाडतेच ना, असं विचारतात. पाडते. पण ते भोक गाडी कागदावर असतानाच ठरलेलं असतं. त्याच्या चारही बाजूंनी जाड पत्र्याची चौकट येते, पट्ट्यांच्या जागा बदलतात, काच पत्र्यावर नाही तर त्या चौकटीवर बसते. पाणी आत येणार हे गृहीत धरलेलं असतं. होय, गृहीत. कुठलंच सनरूफ शंभर टक्के पाणी अडवत नाही. काचेच्या कडेने जे झिरपतं ते खालच्या पन्हाळीत जमतं आणि तिच्या कोपऱ्यांतून निघालेल्या बारीक नळ्यांनी, खांबांच्या आतून, गाडीखाली निघून जातं. बायपासला या नळ्यांचं काम सिलिकॉनच्या ट्यूबवर भागवतात. पहिला पाऊस भागतो. दुसऱ्या पावसाळ्यात कापड पिवळं पडतं, तिसऱ्यात कापलेल्या कडेचा गंज खाली उतरायला लागतो, कारण कंपनीने पत्र्याला दिलेलं गंजरोधक कोटिंग कटरने त्या कडेवर संपवलेलं असतं. २०२३ मध्ये कंपनीच्याच सनरूफची नवीकोरी गाडी धबधब्याखाली उभी केल्यावर पाणी आत आल्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता, आठवत असेल. कारखान्यातून आलेल्या गाडीवर एवढी चर्चा होते. आपल्याकडे झाडाखाली बसवलेल्या काचेला मात्र "लाइफटाइम गॅरंटी, दादा". कोणाच्या लाइफची, ते विचारून घ्या.

कडेच्या काचांची गोष्ट तर अजून वाईट. जुन्या लँड रोव्हरचा टप ॲल्युमिनियमचा, वरून बोल्टने बसवलेला, सुटा होणारा. त्यात रबरामध्ये छोट्या काचा बसवणं हा त्या रचनेतलाच भाग होता. बोलेरोचा टप तसा नाही. तो सगळीकडून वेल्डिंगने जोडलेला लोखंडी पत्रा आहे आणि त्याची कड म्हणजे नुसती कड नव्हे, दरवाजांच्या वरून जाणारा आडवा वासा आहे. सगळे खांब त्यालाच येऊन मिळतात. जिथे कटर अजिबात लावू नये नेमका तिथेच लावला जातो, का, तर विलायतेतल्या गाडीला तिथे काच आहे. आणि ज्या नव्या गाड्यांना पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग आहेत, त्यांची ती गुंडाळी याच कडेला आतून बसवलेली असते. तिथे ग्राइंडर फिरवणाऱ्याला हे माहीत असतं का? मी दोघांना विचारलं. एकाला माहीत होतं. तो म्हणाला, "आपण वायर काढून ठेवतो ना."

थारवाल्यांसाठी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकार एकांगी लिहितो. तीन दरवाजांच्या थारचा हार्डटॉप लोखंडी नाही आणि आत रोल-केज आहे. तिथे काच बसवली तर ताकदीचा प्रश्न बोलेरोएवढा येत नाही. पाण्याचा येतो. कायद्याचा तर येतोच.

तर कायदा. इथे माझा खरा राग आहे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी मालकाने बदलायची नाही. केरळच्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ आलं. त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजी किटसारखे जे बदल नियमात बसतात त्यांचा रस्ता वेगळा आहे, ते मंजूर किट लावून आरसी बुकात नोंदवून घेता येतात. टप कापून काच बसवणं त्या रस्त्याने जात नाही.

एवढं सगळ्यांना कळतं. चौकात पोलिसांनी गाडी अडवली की पोराला चलन मिळतं, पोरगा भाऊंना फोन लावतो, पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण त्याच कलम १८२-अ ची पहिली ओळ कोणी वाचत नाही. तिथे लिहिलंय की वाहनाचा उत्पादक, आयातदार किंवा डीलर बांधणीचे नियम मोडून गाडी विकेल किंवा तिच्यात बदल करेल, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक गाडीमागे १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. यावर एका जाणकाराने मला हसत सांगितलं, "डीलर म्हणजे शोरूमवाला हो, गॅरेजवाला त्यात कुठे येतो?"

येतो. कायद्याचं कलम २ उघडा, त्यात शब्दांच्या व्याख्या आहेत. डीलर या शब्दात चासीवर बॉडी बांधणारा येतो आणि वाहनदुरुस्तीचा धंदा करणाराही येतो. स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ज्या माणसाने कटर चालवला त्याच्यापर्यंत पोचायला नवा कायदा नको, अध्यादेश नको, मुंबईला मोर्चा नको. आहे त्या पुस्तकाची पानं उलटायची आहेत. पोराला ५ हजार आणि कापणाऱ्याला १ लाख, असा हिशोब कायदा करणाऱ्यांनीच मांडून ठेवलाय. आपण तो उलटा वापरतो. पोराला ५ हजार, आणि कापणाऱ्याच्या नव्या शाखेचं उद्घाटन करायला कोण येतं, त्याचे फोटो बघा.

या शाखांना गिऱ्हाईक कुठून आलं, हेही बोलूया. आपल्याकडे सनरूफ आकाश बघायला नसतं, आकाशाला दिसायला असतं. मिरवणूक निघाली की साहेब, दादा, भाऊ त्या चौकोनातून कमरेपर्यंत वर येतात, हात जोडतात, वरून जेसीबीने फुलं पडतात, ड्रोन फिरतो. पूर्वी याला उघडी जीप असायची. जीपमध्ये उभं राहिलं की आजूबाजूला चार माणसं दिसायची. या चौकोनात एकटाच माणूस दिसतो, म्हणून तो जास्त आवडला असावा. दुसऱ्या दिवशी तोच फोटो डीपीवर. आठ दिवसांत त्या भाऊंच्या मागचे दहा जण बायपासला रांगेत. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं की भाऊंची गाडी कंपनीच्या सनरूफची आहे आणि आपली कटरची असणार आहे.

मग लग्नाच्या वरातीत नवरदेव वर येतो. मग सुट्टीत बाप कौतुकाने पोराला सीटवर उभं करतो. २०२५ मध्ये बेंगळुरूत असंच सनरूफमधून डोकं काढून उभ्या असलेल्या लहान मुलाचं डोकं रस्त्यावरच्या उंची रोखणाऱ्या आडव्या लोखंडी अडथळ्यावर आदळलं. ती गाडी सनरूफची होती, चालवणारा मोठा माणूस होता, रस्ता शहरातला होता. आपल्याकडे काय काय लोंबकळतं ते आठवा. केबलवाल्यांच्या वायरी, वाढदिवसाच्या कमानी, रेल्वेच्या पुलाखालचा लोखंडी गर्डर. संक्रांतीला नायलॉन मांजा, ज्याच्यावर बंदी आहे आणि जो तरी मिळतोच. दुचाकीवाल्याचा गळा कापल्याच्या बातम्या मी स्वतः केल्यात. सनरूफमधलं पोर त्याच उंचीवर, किंबहुना थोडं वरच असतं, आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेट नसतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याशिवाय किंवा त्याच्यासाठीच्या सीटशिवाय बसवलं तर १ हजार रुपये दंड आहे, कलम १९४-ब. आपल्या तालुक्यात या कलमाखाली दंड भरलेला एकही बाप मला आजवर भेटलेला नाही.

"गाडी माझी, पैसा माझा, जीव माझा. तुम्हाला काय?" हे वाक्य या विषयावर मी गेल्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं की पाठ झालंय. त्याला उत्तर देतो.

गाडी तुझी किती दिवस? दोन-तीन वर्षं. मग ती विकली जाते. साहेबांच्या ताफ्यातली स्कॉर्पिओ जुनी झाली की कार्यकर्ता घेतो, कार्यकर्त्याकडून बाजारात येते, बाजारातून ती शेवटी कुठे जाते ते आपण रोज स्टँडबाहेर बघतो. वडापला. आत दहा-बारा माणसं, त्यात दवाखान्याला निघालेली आजी, कॉलेजच्या मुली, एकादशीला पंढरपूरला निघालेलं जोडपं. टपाला भोक आहे म्हणून मधल्या मालकाने वरून पत्रा ठोकून, रंग मारून दिलेला असतो. आत बसणाऱ्याला काय कळणार की वरची पट्टी कधीच कापली गेली? ती आजी रीलसाठी बसलेली नसते. तिला टप कापायचा की नाही हे कोणी विचारलेलं नव्हतं.

आणि हे तपासणार कोण? खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. प्रवासी वाहनांना, ट्रकला ठरावीक मुदतीने फिटनेस तपासणी असते, खाजगी गाडीला तशी नाही. पीयूसीवाला धूर बघतो, तोही बघितला तर. गाडी नावावर होताना कागद हलतात, गाडी बऱ्याचदा जागची हलत नाही. म्हणजे आज कापलेला टप थेट पंधराव्या वर्षी, नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी नेली तरच, सरकारच्या नजरेसमोर येणार. तोवर तो कुठल्यातरी घाटात उलटून समोर आला तर पंचनाम्यात लिहिणार, "चालकाचा ताबा सुटल्याने". टपाचं नाव त्यात येणार नाही. वीस वर्षं पंचनामे वाचतोय, कुठला रकाना रिकामा राहतो ते मला ठाऊक आहे.

विम्याचंही सांगतो, कारण काहींना जिवापेक्षा क्लेमचं लवकर समजतं. पॉलिसी कंपनीने बनवलेल्या गाडीची असते. सर्व्हेअर येऊन कापलेला टप बघणार, तुम्ही तो बदल कळवलेला नसणार, आणि तिथून पुढे भांडण तुमचं. कळवायचं म्हटलं तर बेकायदा बदल कळवणार कसा? गाडीची वॉरंटी चालू असेल तर त्या भागापुरती तीही विसरा.

आता ताडोब्याचा मुद्दा, कारण तो कोणीतरी आणतोच. "जंगलात उघड्या जिप्सी चालतात, तिथे कुठे जातो तुमचा कायदा?" जिप्सी कंपनीतूनच कापडी टपाची मिळायची. तिचं छत कोणी कटरने काढलेलं नाही. आणि ती जंगलात कच्च्या वाटेवर, वन विभागाच्या नियमात, गाईड सोबत घेऊन सावकाश चालते. तुमची बोलेरो हायवेला शंभरने जाते. दोघींची तुलना करायची असेल तर आधी वेगाची करा.

गॅरेजवाल्यांवर माझा वैयक्तिक राग नाही. त्यातले दोघं-तिघं माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत, हात सोन्याचे आहेत त्यांचे. ॲक्सिडेंटच्या गाडीचा चेपलेला दरवाजा असा काढून देतात की शोरूमवाला ओळखणार नाही. एकजण म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक मागतं म्हणून देतो. मी नाही म्हटलं तर शेजारचा करतो." हे शंभर टक्के खरं आहे, आणि नेमकं म्हणूनच शेजारच्यालाही नोटीस गेली पाहिजे. एकट्याने नाही म्हणायचं तर धंदा बुडतो. सगळ्यांना एकाच दिवशी नाही म्हणायला लावणं हे सरकारी कार्यालयाचं काम, त्याचाच पगार मिळतो.

आणि ते होऊ शकतं. १ मे २०१७ ला लाल दिवे उतरले, लक्षात आहे ना? आधी वाटत होतं, अशक्य. मंत्र्यांच्या गाडीवरून उतरले आणि बघता बघता तालुक्यातल्या सभापतींच्या गाडीवरूनही उतरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राने गाडीपुढच्या लोखंडी बुलबारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं. ते मात्र आजही आपल्या नेत्यांच्या गाड्यांवर दिमाखात आहेत. फरक एवढाच की दिवा वरच्याने आधी काढला, बुलबार काढलाच नाही. टपाचंही तसंच होणार. पुढच्या मिरवणुकीत एखाद्या दादांनी सांगितलं ना, की मी आत बसून येतो, काच बंद ठेवतो, तर बायपासचे निम्मे बोर्ड महिनाभरात उतरतील. एवढं मोठं मन कोणाचं आहे ते बघायची मला उत्सुकता आहे. नाव घेऊन लिहीन, पहिल्या पानावर.

तोपर्यंत आपल्याला जे करता येतं ते करतो. सोमवारी परिवहन कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात एकच अर्ज देतोय. प्रश्न तीन. गेल्या तीन वर्षांत कलम १८२-अ खाली आपल्या भागात किती मालकांवर कारवाई झाली आणि किती गॅरेजवर? ताफ्यात, मिरवणुकीत सनरूफमधून उभ्या राहिलेल्या किती जणांना दंड झाला? आणि जुनी गाडी नावावर करताना टप, चासी प्रत्यक्ष बघितली जाते का, बघत असतील तर कोण बघतं, त्या पदाचं नाव. माणसाचं नाव नको, पद पुरे.

गाडी कापून बसलेल्यांसाठी एवढंच, की आणखी सिलिकॉन मारत बसू नका. कंपनीच्या अधिकृत बॉडी शॉपला दाखवा आणि कापलेल्या पट्टीसह टप बदलायला किती येईल ते विचारा. आकडा ऐकून धक्का बसेल. तो आकडा मला कळवा, मी पुढच्या पोस्टमध्ये तुमचं नाव न घेता टाकतो, म्हणजे रांगेत उभे असलेल्यांना कळेल. गॅरेजवाल्यांपैकी कोणाला बाजू मांडायची असेल त्यांनी फोन करावा, शब्दन्‌शब्द छापतो. अर्जाची पोच मिळाली की फोटो इथेच टाकतो. पोच दिली नाही तर तेही टाकतो.